मृतदेह : काका

"काका, मेलेला माणूस पोट आत ओढत नाही."

हे वाक्य मी फरशीवर उताणा पडल्या पडल्या ऐकलं. डोळे मिटलेले होते, तरी सगळं युनिट आता माझ्या पोटाकडे बघतंय हे कळायचं राहिलं नाही. युनिट म्हणजे माझी आई, माझी बायको, वहिनी, शेजारची दोन पोरं आणि गॅस सिलिंडरची चाकं लावलेली ट्रॉली.

"मी ओढत नाहीये. माझं पोट असंच आहे."

"मेलेला माणूस बोलतपण नाही."

दिग्दर्शक आठवीत आहे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तिच्याकडे बापाचा जुना फोन आहे. काचेला तडा गेलाय, लेन्स शाबूत आहे. एवढ्या भांडवलावर तिने उन्हाळ्याच्या सुटीत रहस्यपट काढायला घेतला आणि मला बोलावून सांगितलं, "काका, तुमच्यासाठी एक रोल आहे. अख्खी गोष्ट तुमच्याभोवती फिरते." मी जागच्या जागी होकार दिला. मानधनाचा विषयसुद्धा काढला नाही. गोष्ट माझ्याभोवती फिरते ती अक्षरशः फिरते, म्हणजे मी मधोमध पडलेला असतो आणि बाकीचे माझ्याभोवती फिरत खुनी कोण ते शोधत असतात, हे पटकथा हातात आल्यावर कळलं. पटकथा शाळेच्या दुरेघी वहीत होती. तीत माझ्या नावापुढे कंसात एकच शब्द होता : पडलेले.

आता मी काही असातसा पडणारा माणूस नव्हे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतलं अभिनयाचं प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात लावलेलं आहे. लॅमिनेट केलेलं. लावायची जागा मी बऱ्याच विचाराने ठरवली : पाहुण्याने पाणी प्यायला तांब्या वर केला की नजर थेट त्यावरच गेली पाहिजे. आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर मी टाळी घेतलेली आहे. ते नाट्यगृह २०२४च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं तिथे नुसती उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला काही राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी माणसाला मी हळूच म्हणालो, "इथं काम केलंय मी." तो म्हणाला, "मी पण." पुढे उभ्या असलेल्या बाईंनी मान वळवून सांगितलं, की त्यांच्या वडिलांनी तर तिथे तलवार फिरवली होती.

कोल्हापुरात हा त्रास आहेच. इथे दर तिसऱ्या घरात एक आजोबा निघतात, ज्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात मावळ्याचं काम केलेलं असतं. मावळे इतके निघतात, की मोगलांच्या बाजूने कोण उभं राहिलं असेल असा प्रश्न पडावा. त्याला कारणही आहे. कॅमेरा विलायतेहून येईल आणि मग आपण सिनेमा काढू, अशी वाट बघत न बसता आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच घरी बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी आपले साथीदार दामले यांना हाताशी धरून १९१८च्या सुमाराला तो पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, बाकीच्या गावात पुढाऱ्यांचे असतात तसा. त्यामुळे आमच्या गावात पोरीने 'सिनेमा काढतेय' म्हणून सांगितलं तर कुणी दचकत नाही. "कशावर काढतीयास?" एवढंच विचारतात.

तर कशावर, ते सांगतो. पितळी डब्यात तांदूळ भरून त्यात फोन उभा खोचला की कॅमेरा हलत नाही, हवा तसा कलता करता येतो आणि शूटिंग संपल्यावर तांदूळ भाताला वापरता येतो. डबा सिलिंडरच्या ट्रॉलीवर ठेवायचा, ट्रॉलीला सुतळी बांधायची, सुतळी माझ्या बायकोने ओढायची. चाकं कुरकुरली की एरंडेल. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या यंत्रमागवाल्या दोस्तमंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला तेव्हा बैलगाडीची क्रेन केली होती. आमच्या दिग्दर्शकाला ते सांगितल्यावर तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, बैलगाडी कुणाकडे मिळेल?" तेव्हापासून मी तिला सिनेमाच्या इतिहासातलं काही सांगताना आधी स्वतःच्या पाठीचा विचार करतो.

आवाजासाठी वहिनींचा फोन तुळशीच्या कुंडीत लपवला होता. शॉट सुरू होताना शेजारचं पोरगं पाटीवर लाकडी पट्टी आपटायचं, म्हणजे नंतर दोन्ही फोनांचा मेळ घालता येतो. पंखा बंद. कुकर बंद. कोल्हापुरात मे महिन्यात पंखा बंद करून मेलेलं पडणं ही अभिनयाची शेवटची पायरी आहे, त्यापुढे फक्त खरं मरण उरतं. एवढं सगळं करूनही नेमक्या किंकाळीच्या वेळी घंटागाडी यायची, गाणं लावून. मी दिग्दर्शक असतो तर वॉर्डातल्या कुणालातरी फोन केला असता, ओळख काढली असती, घंटागाडी दहा मिनिटं थांबवली असती. निदान थांबवतो म्हणून सांगितलं तरी असतं. तिने वही उघडली आणि पटकथेत एक ओळ वाढवली : खून घंटागाडीच्या वेळेला होतो, म्हणून किंकाळी कुणाला ऐकू येत नाही. झालं! खुनी कोण याचा धागाही त्यातच निघाला, कारण कचरा बाहेर ठेवायला घरातून जो गेला नव्हता तोच खुनी. मी मेलेल्या अवस्थेत मनातल्या मनात टाळी वाजवली.

रक्त काकवीचं होतं. आमच्याकडे काकवीला तोटा नाही. त्यात खायचा लाल रंग घातला की झकास दाट रक्त होतं, ओघळतं तेही बेताने. ती वाटीत रक्त ढवळत होती तेव्हा मी माहिती पुरवली, की हिचकॉकने 'सायको'मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. "तो काळापांढरा सिनेमा होता काका," ती म्हणाली, "आपला रंगीत आहे." मग तिने चमच्याने माझ्या कपाळावरून कानापर्यंत ओघळ सोडला, मागे जाऊन बघितला, पुन्हा येऊन बोटाने जरा लांबवला. हे होईपर्यंत मुंग्यांना निरोप गेला होता. पहिली मुंगी भुवईवर चढली तेव्हा मी गप्प राहिलो, कलाकार म्हणून. दुसरी कानात शिरायच्या बेतात होती. मी डोळा उघडला तर दिग्दर्शक कॅमेरा घेऊन पालथी पडलेली, माझ्या गालापासून चार बोटांवर, आणि सगळ्या युनिटला खुणेने गप्प करतेय. मुंग्या तिला मिळून आल्या होत्या. मी निव्वळ त्यांची जमीन होतो.

इथपर्यंत मी सहन केलं. बिनसलं ते मिशीवरून.

पटकथेत एक फ्लॅशबॅक होता. मेलेल्या माणसाचे तरुणपणचे दिवस. त्यात मला चालायचं होतं, बोलायचं होतं, एका जुन्या मित्राशी भांडायचं होतं. थोडक्यात, प्रमाणपत्राला साजेसं काम होतं. फक्त एक अट होती. "कॉलेजमध्ये तुम्हाला मिशी नव्हती. मी अल्बम बघितलाय. काढाल?"

माझी मिशी आमच्या पेठेत माझ्याआधी ओळखली जाते. पत्ता सांगताना लोक "ते मिशीवाले" म्हणतात. तिला वेगळी कात्री आहे, वेगळा कंगवा आहे, आणि आरशासमोरचा तिचा वेळ बायकोच्या हिशेबात 'वाया' या सदरात धरला जातो. ती काढ म्हणणं म्हणजे मला जरा अर्धा हो म्हणणं होतं. मी दिग्दर्शकाला समोर बसवलं आणि सांगितलं, की तुझ्याआधी हा प्रश्न एका फार मोठ्या माणसाला पडला होता.

विषय निघालाच आहे तर तुम्हीही ऐका, कारण ही गोष्ट सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते ती १९१२-१३ची गोष्ट. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. ज्या बायकांना समाज आधीच नावं ठेवत होता त्यांच्याकडेही फाळके जाऊन आले. त्यांनीही सिनेमा म्हटल्यावर नाही म्हणून सांगितलं. मग पुरुषांना विचारायचं, तर पुरुष मिशी काढायला तयार होईनात. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, हा रिवाज. बाप घरात धडधाकट बसलेला असताना पोरगा ओठ साफ करून जेवायला बसला तर बापाने काय समजायचं? शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत फाळक्यांना साळुंके दिसले. तिथे स्वयंपाकाचं काम करायचे. सडपातळ अंग, नाजूक हात. खानावळीत महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. आणि भारतीय पडद्यावरची पहिली महाराणी चुलीपुढून उठून आली.

गंमत पुढेच आहे. पाठोपाठच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, म्हणजे बायका मिळायला लागल्या होत्या. तरी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता साळुंकेच. आणि राम? रामही साळुंकेच! आता या चित्रपटाचं शूटिंग डोळ्यांपुढे आणा. सकाळी धनुष्य घेऊन हा माणूस रानावनात सीता सीता करत फिरतोय. दुपारी जेवून, लुगडं नेसून, अशोकवनात स्वतःचीच वाट बघत बसलाय. मारुतीरायाने एवढा समुद्र ओलांडून अंगठी नेली ती साळुंक्यांकडून, आणि पोचवली तीही साळुंक्यांनाच. विरह एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी झाला. मला नेहमी वाटतं, की त्या माणसाने घरी गेल्यावर बायकोला काय सांगितलं असेल? 'आज काय केलंत?' 'सकाळी मला शोधायला निघालो, दुपारी मीच हरवले.' आणि या सगळ्यात मिशीचा बळी एकदाच गेला, पण फायदा दोन भूमिकांना झाला, कारण रामालाही आपल्याकडे मिशी नसतेच. फाळक्यांचा हिशेब पक्का होता.

दिग्दर्शकाने सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी विचारलं, "म्हणजे साळुंक्यांनी काढली ना मिशी?"

"काढली."

"मग?"

"त्यांना पंधरा रुपये महिना होता."

ती उठली, दप्तरातून कंपासपेटी काढली, कोनमापकाखालून एक घडी घातलेली वीसची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. युनिट हसलं. बायको म्हणाली, "अहो, काढा की. खाली काय आहे ते मलाही बघू दे, एवढी वर्षं झाली." आईने मात्र ठणकावून सांगितलं, की हा रिवाज तिलाही माहीत आहे, वडील गेले तेव्हा ही मिशी एकदा उतरलेली आहे आणि आता पुन्हा तसलं काही नको. एकदम कुणी काही बोलेना. वीसची नोट पोरीने परत कोनमापकाखाली ठेवली.

पाच मिनिटांनी ती खोलीतून आली ती निळा मास्क घेऊन. "फ्लॅशबॅक २०२०मधला करते. लॉकडाऊन चालू आहे. लावा."

मी तो प्रवेश केला. मी सांगतो म्हणून नव्हे, पण तसं काम मी आजवर केलेलं नाही. मित्राचा विश्वासघात कळल्यावर ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी अविश्वास, मग तुच्छता, मग एक थरथर. सगळं मास्कच्या आत. डोळ्यांतून काही दिसेल म्हटलं, तर श्वासाने चष्म्याची काच धुरकटून गेलेली. "कट. मस्त काका," दिग्दर्शक म्हणाली. "तुमच्या मनात काय चाललंय ते अजिबात कळत नाही, संशय वाढतो."

मध्ये एकदा फोनची जागा भरली. शूटिंग थांबलं. तिने भराभरा जुन्या चित्रफिती पुसायला घेतल्या, आणि त्यात एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेतलं माझं आभाराचं भाषण गेलं. ते मी तिच्या बापाला मुद्दाम पाठवलं होतं. "बाबांनी उघडलंच नव्हतं," ती म्हणाली. माझ्या सख्ख्या भावाने. मी त्यावर काही बोललो नाही, मला पुन्हा जाऊन मरायचं होतं.

आमचा सोपा अंधारा आहे, जुन्या घरांचा असतो तसा. उजेड परसातून आत घ्यावा लागतो. माळ्यावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल पडून होता, २०१८ची बंदी यायच्या आधीचा. त्याचं एक पांढरं पान काढलं. ते उन्हात उभं राहून योग्य कोनात धरलं की दारातून उजेड आत येतो आणि बरोबर मृतदेहाच्या चेहऱ्यावर पडतो. दिग्दर्शकाच्या हुशारीचं कौतुक करत मी गार फरशीवर पडलो होतो. मुंगीच्या निमित्ताने एकदा डोळा किलकिला केला तेव्हा दारापलीकडे दिसलं : थर्माकोल आईने धरला होता. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, डोक्यावर पदर, दोन्ही हात वर, आणि नजर माझ्या चेहऱ्यावर, उजेड हलतोय का ते बघत. वय सत्तरीच्या पुढे.

"आई, बस की जरा," मी म्हणालो.

"हलू नकोस," ती म्हणाली. "मेलायस तू."

मिशीची गोष्ट सांगताना मी एक बाई नेहमी गाळतो. सगळेच गाळतात, मिशी जास्त खपते. सरस्वतीबाई फाळके, दादासाहेबांच्या पत्नी. दागिने त्यांचे गेले. युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांचा. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकायचं काम त्यांचं. आणि रात्री फिल्म. तेव्हा विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची; ती हाताने चालवायच्या यंत्रावर अंधारात बसून पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई करत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. फुटात १६ चौकटी, एका चौकटीला दोन्ही कडा मिळून ८ भोकं, म्हणजे फुटाला १२८. गुणाकार मी करून ठेवलाय : ४,७३,६००. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, दाखवायची प्रत वेगळी. यंत्र असलं तरी फिल्म पुढे सरकवायला माणूस लागतो. आणि एक भोक जरी सरकलं तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र उडी मारणार. दिवसभर साठ माणसांच्या भाकऱ्या थापलेल्या हातांनी हे करायचं, तेही दिवा न लावता. साळुंके ग्रँट रोडला कुठे सापडले हे मला पाठ आहे; या बाईने त्या वर्षात किती झोप घेतली हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

माझ्या लग्नाची तीन तासांची कॅसेट आहे. तिच्यात मी गुलाबाच्या फुलातून उगवतो, बायको चंद्रावर बसते, मग आम्ही दोघं एका बदामात गोल गोल फिरतो. हे सगळं मी शूटिंगवाल्याला वरचे पैसे देऊन करून घेतलं होतं. पोरीला ती कॅसेट बघून फार हसू आलं, मग तिने मध्येच विचारलं, "आजी कुठाय?" आम्ही मागे-पुढे करून बघितली. आजी आहे. एका ठिकाणी, पंगतीच्या मागे, पाठमोरी. दुसऱ्या ठिकाणी ती शूटिंगवाल्यालाच विचारतेय, की तुम्ही जेवलात का? तेवढ्यात चित्र फिरून पुन्हा माझ्यावर आलंय.

सिनेमा अकरा मिनिटांचा झाला. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, माझ्या प्रमाणपत्राच्या बरोबर खाली, पहिला खेळ झाला. जवळचे नातेवाईक बोलावले होते. घंटागाडीचा खुलासा झाला तेव्हा वहिनींच्या आईने खरंच तोंडावर हात धरला. मुंग्यांच्या शॉटला शेजारच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी सबंध सिनेमाभर चांगला मेलो होतो. पोट एकदाच दिसतं, तेही ओझरतं.

मग नावं आली. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, एकेक. पहिली पाटी : 'प्रकाशयोजना' आणि खाली आजीचं पूर्ण नाव. दुसरी पाटी : 'चहा आणि रक्त', पुन्हा आजीच. मग ट्रॉली ओढणारी माझी बायको, मग आवाजासाठी वहिनी, मग पाटी आपटणारी पोरं. मग 'पाहुण्या कलाकार : मुंग्या'. आणि त्यानंतर, 'मृतदेह : काका'. मी मुंग्यांच्या खाली होतो. स्वतःचं नाव तिने सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात घातलं होतं, ते वाचेपर्यंत पडदा काळा झाला.

आईने ती पहिली पाटी पुन्हा लावायला सांगितली. चष्मा नीट करून वाचली आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय. गॅसच्या पुस्तकावर अजून चुकीचंच आहे."

त्यानंतर जे झालं त्याने मला खरा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पुण्याच्या एका पाहुण्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाकलास का कुठं? व्ह्यूज किती?" दुसऱ्याने विचारलं, यात पुढे काय? तिसऱ्याने सिनेमा चालू असताना निम्मा वेळ मान खाली घालून स्वतःच्या फोनवर भलत्याच चित्रफिती सरकवल्या आणि दिवा लागल्यावर "छान, पण जरा लांबलाय" असा शेरा दिला. अकरा मिनिटं! या माणसाच्या घरच्या सत्यनारायणाला मी तीन तास मांडी घालून बसलोय. आणि हे सगळे मिळून शेवटी एकाच वाक्यावर आले : पुढच्या वर्षी नववी आहे, आता हे खूळ पुरे.

पोरीने कशावरच उत्तर दिलं नाही. तांदळाच्या डब्यातून फोन काढला, फुंकर मारून लेन्स पुसली. फाळक्यांनी आपल्या नटांना सांगून ठेवलं होतं म्हणतात, की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा, सिनेमाचं नाव काढू नका. शंभर वर्षं उलटून गेली. सिनेमाला पुरस्कार आले, टपाल तिकिटं आली, आमच्या गावात त्याचा स्तंभ झाला. पण घरातल्या पोरीने काढला तर अजूनही फॅक्टरीचंच नाव सांगावं लागतंय. मी तिला तोच सल्ला दिला. "विचारलं तर गणिताच्या क्लासला जाते म्हणून सांग." ती म्हणाली, "गणिताचाच तर सिनेमा काढायचाय पुढचा. त्यात सर गायब होतात."

त्या सिनेमात मला पडायचं काम नाही. उभं राहायचं आहे, पण कॅमेऱ्याच्या मागे, थर्माकोल धरून. मी विनंती करून ते मिळवलंय आणि आईला खुर्चीत बसून सरांच्या आईचं काम दिलंय. तिला संवाद आहेत, माझ्यापेक्षा जास्त. थर्माकोलला दोन बाजू असतात आणि वारा आला की एकट्याने धरवत नाही. दिवाळीच्या सुटीत शूटिंग आहे, मंगळवार पेठेत. एका बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला माणूस हवाय. पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल, नाव मुंग्यांच्या वर येईल याची हमी देता येत नाही. मिशी चालेल.